उजवा कान दिव्याकडे

सेतू कुठल्याही नव्या खोलीत शिरला की दारातच थांबायचा आणि एक टाळी वाजवायचा. एकच. मग डोळे मिटून क्षणभर उभा राहायचा आणि त्यानंतर कुठं बसायचं ते ठरवायचा. आमच्या चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या ऑफिसातली मीटिंगची खोली असो, कोपऱ्यावरची मेस असो की माझं भाड्याचं घर. एकदा त्यानं बँकेत टाळी वाजवली. काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहत "एन्ना सार?" म्हणून विचारलं, तर यानं त्यांना तमिळमध्ये गंभीरपणे सांगितलं की तुमचं छत फार बोलतं, त्याला पडदे लावा.

हा सगळा मला पोरकटपणा वाटायचा, असं मी पुढं बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. खरी गोष्ट अशी की सुजाता, माझी बायको, भाजी आणायला खाली गेली असताना मी आमच्या बैठकीच्या खोलीच्या दारात उभा राहून टाळी वाजवून पाहिली होती. डोळेही मिटले होते. मला फक्त टाळी ऐकू आली.

सेतुमाधव राव तंजावरचा मराठी. पूर्वज कधी काळी दक्षिणेत उतरले आणि तिथलेच झाले. वडील चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात नोकरीला होते, त्यामुळे त्याचं बालपण तिथल्या सरकारी क्वार्टर्समध्ये गेलं. मी जळगावचा. दोघं इंजिनियर, वयानं बरोबरीचे, आणि चेन्नईत घरच्या भाषेत बोलायला एकमेकांना मिळालेले. आमची मैत्री व्हायला एवढं पुरेसं होतं. हेवा वाटायलाही एवढंच पुरेसं होतं.

आमची कंपनी लहानशी. घरच्या संगणकावर सिनेमे आणि गाणी वाजवणारा एक प्लेअर आम्ही तयार करत होतो, आणि त्यातला चहूंकडून आवाज देणारा भाग माझ्याकडे होता. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. संगणकाच्या पाठीला हिरवी, काळी, नारिंगी अशी भोकं असायची, दुकानदार सहा स्पीकरचा संच गळ्यात मारायचा, आणि घरी आल्यावर आवाज मात्र समोरच्या दोनांतूनच यायचा. संगणकातल्या साउंड कार्डाला सहा आवाज समजायचे तर प्लेअरला दोनच समजायचे. प्लेअर सुधारावा तर कार्डाबरोबर आलेला, ते चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम चार आवाज गिळून टाकायचा. सगळं जुळलं की संगणकाची नवी आवृत्ती यायची आणि जुनं कार्ड मुकं व्हायचं. या सगळ्यांकडून सहा आवाज जसेच्या तसे काढून घेणं हे माझं काम होतं, आणि ते मला जमलं आहे अशी माझी खात्री होती.

सेतू मुलाखतीला आला त्या दिवशी साहेबांनी त्याला माझा नमुना ऐकवला. चाचणीच्या विभागात माणूस हवा होता. सेतूनं दारात टाळी वाजवली, खुर्ची हातभर सरकवली, बसला, ऐकलं.

"मागं कोणी नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?" मी विचारलं.

"समोरचेच दोघं मागं जाऊन तेंच बोलतात. मागचे म्हणून वेगळे कोणी नाहीत."

साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी सेतूला समजावून सांगितलं की असं होणं शक्य नाही. दुपारभर तेच सिद्ध करत बसलो आणि संध्याकाळी मला कळलं की ड्रायव्हर खरंच पुढच्या आवाजाची नक्कल करून मागं पाठवत होता. कित्येक आठवडे मी ती नक्कल ऐकत होतो, पाहुण्यांना ऐकवत होतो. सेतूला नोकरी मिळाली. त्यानं मला कॉफी पाजली आणि म्हणाला, "वाईट वाटून घेऊं नको पा. माझे कान घरून आलेले आहेत. कॉलेजात मिळत नाहीत."

त्याच्या बोलण्यात नम्रता अजिबात नव्हती. मी नम्र माणसाचा हेवा केला असता तर निदान स्वतःला नीच तरी म्हणता आलं असतं. सेतू फुशारकी मारायचा आणि ती खरी असायची.

घरी तर आणखी कठीण. त्याची मराठी आमच्या मराठीपेक्षा कितीतरी जुनी, वर तमिळचा हेल. 'सगळं' म्हणायला तो 'अस्की' म्हणायचा, 'इकडे' म्हणायला 'हिंगडे', आणि कुठलीही गोष्ट आवडली की 'बेस'. सुजाताला ते ऐकायला इतकं आवडायचं की तिनं तो येणार असला की मुद्दाम शेवेची भाजी करायला सुरुवात केली. मी येतो त्या दिवशी ती शेवेची भाजी करत नव्हती. मी रोजच येत होतो, हे खरं.

"वहिनी, अस्की खाल्लों," तो ताट दाखवायचा.

"अजून वाढू?"

"मोहनाला विचारा. त्याच्या तोंडावर लिहिलेलं आहे की नको."

दोघं हसायची. मीही हसायचो. सेतूला माझा हेवा दिसत होता, एवढंच मी त्यातून घ्यायचो. तो गेल्यावर सुजाताला म्हणायचो, "फार मोठ्यानं बोलतो नाही?" ती म्हणायची, "तू त्याच्यावर जळतोस. जळ, पण भाजी गार करू नकोस."

त्याचे कान घरून आले म्हणजे कुठून आले, ते मला एका रविवारी समजलं. वेस्ट मांबलममध्ये त्याच्या थोरल्या काकांचं घर होतं, आणि त्यांच्यातली मराठी घरं वर्षातून काही वेळा तिथं वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात भजनाला जमायची. त्या भजनाची रीत अशी की खोलीच्या मधोमध मोठी समई ठेवायची आणि गाणाऱ्यांनी तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत गायचं. टाळ, मृदंग, पायांचा ठेका, अभंग संपला की तमिळ नाहीतर तेलुगू पद, आणि सगळं फिरतं. बायका भिंतीकडेनं बसून मागं म्हणायच्या. समईपाशी एकच मूल बसवायचं, वातीला तेल घालायला. सेतू बरीच वर्षं ते मूल होता.

"मला सिनेमात बसलों की हसूं येतं," तो म्हणाला. "अस्की लोक समोर बघत बसतात, मागून एक मोटार गेली की केवढा आनंद. मी दिव्यापाशी बसायचों तेव्हां काका पुढून जायचे, उजव्या हाताला जायचे, पाठीमागं जायचे, डावीकडनं परत यायचे. डोळे मिटून सांगायचों कोण कुठं आहे. समोरून येतं ते बोलणं. चोहींकडून येतं ते घर."

त्या रविवारी मी भिंतीला टेकून उभा होतो. ती माणसं फिरत होती, घामेजली होती, आणि त्यांतला प्रत्येक जण सेतूच्या पाठीवर थाप मारून जात होता. जळगाव सोडल्यापासून माझ्या पाठीवर कोणी थाप मारली नव्हती. मराठी मुलखातला मी, आणि मराठी घर याचं. इतका राग मला कुणाचाच आला नव्हता.

त्याच वर्षी त्याची आई बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. सेतू तिला अम्मा म्हणायचा, म्हणून मीही अम्मा म्हणायचो. बारीक चणीच्या, नाकात दोन्ही बाजूंना चमकी, जिभेला धार. शस्त्रक्रिया झाली तरी जिना कायमचा बंद झाला आणि अण्णा नगरच्या फ्लॅटमध्ये त्या पलंगावर राहू लागल्या. त्यांना एकच दुःख होतं, भजन चुकण्याचं. मीही एकदा त्यांना ते म्हणताना ऐकलं. लहानपणी, सेतूच्याही आधी, समईपाशी त्या बसत असत. लग्न झालं आणि भिंतीकडे गेल्या, आता भिंतही गेली.

सेतूच्या मनानं घेतलं की अम्मांना पुन्हा दिव्यापाशी बसवायचं. भजन चार माइकनी टिपायचं, समईच्या जागेवरून, आणि त्यांच्या पलंगाभोवती चार स्पीकर ठेवून वाजवायचं. पुढच्या भजनाचा दिवस ठरला होता. डॉक्टर अम्मांच्या हृदयाबद्दल फारसं चांगलं बोलत नव्हते, त्यामुळे त्यानंतरच्या भजनाची वाट पाहायची सेतूची तयारी नव्हती.

आणि यासाठी त्याला मी लागत होतो. चार आवाजांचं ध्वनिमुद्रण घरच्या संगणकावर कुठलाही साधा प्लेअर वाजवायचा नाही. पहिले दोन उचलायचा, उरलेले टाकून द्यायचा. सेतूच्या घरी नवाकोरा संगणक होता, पण त्यात जुनं कार्ड मुकं झालेलं. आमचा अर्धवट प्लेअर, ऑफिसच्या अडगळीतला एक जुना संगणक, आणि कुठला आवाज कुठल्या भोकाला पाठवायचा हे ठरवणारा माझा कोड, एवढ्यानंच ते शक्य होतं.

"तूच करूं शकतोस," तो म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मी किती आसुसलो होतो, ते त्याला माहीत असावं. मी जीव ओतून काम केलं. माइक मी बसवले, तारांना चिठ्ठ्या मी लावल्या, टिपलंही मी. सेतू त्या दिवशी गात फिरत होता.

"आधी ऑफिसात एकदा ऐकूं दे," तो दुसऱ्या दिवशी म्हणाला.

"घरीच ऐक की आता अम्मांबरोबर. झालंय व्यवस्थित."

"एकदाच, मोहना. चार मिनिटं."

"प्रत्येक गोष्ट तुझ्या कानाखालून गेलीच पाहिजे का?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि विषय सोडला. तो कुठंतरी बोट ठेवेल याची मला भीती होती. एक तरी काम माझं, त्यानं न तपासलेलं, बरोबर निघावं, एवढंच मला हवं होतं.

रविवारी सकाळी त्यांच्या फ्लॅटमध्ये पंधरावीस माणसं जमली. थोरले काका दारापाशी खुर्चीवर, बायका सतरंजीवर. पलंगाच्या पायथ्याशी दोन स्पीकर, उशाशी दोन. अम्मांनी नवी साडी नेसली होती. सहाच्या संचातल्या मधल्या स्पीकरचं खोकं मी उघडलंच नव्हतं. संगणकाला समोर पडदा आहे असं वाटतं आणि तो मधला आवाज पडद्यासाठी ठेवतो, आणि इथं पडदा नव्हता. मी कळ दाबली. टाळ वाजले. चारही बाजूंनी, वेगळे वेगळे. खोलीतल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. कोणीतरी "अय्यो, पाठीमागं आमचा कृष्णा गातो पाहा," म्हणालं, आणि मी सेतूकडं बघितलं. त्याचे डोळे मिटलेले होते. मग ते उघडले आणि त्यात जे होतं ते मला कळलं नाही.

अम्मांनी हात वर केला.

"हे उलटे फिरतात," त्या म्हणाल्या.

मी थांबवलं. मला अजूनही ऐकू आलं नव्हतं, पण काय झालं ते समजलं. माइकच्या तारांना नावं देताना मी दिव्यापाशी बसून बाहेर पाहायला हवं होतं. मी पुढच्या भिंतीशी उभा राहून दिव्याकडं पाहत नावं दिली. माझं डावं ते दिव्याचं उजवं. आरशासारखी सगळी प्रदक्षिणा फिरून गेली होती. पुढून डावीकडं, डावीकडून मागं. आजारी बाईच्या पलंगाभोवती सारं घर उलटं फिरत होतं, आणि उलटं फक्त चितेभोवती फिरतात हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. थोरल्या काकांनी खुर्ची मागं घेतली. एक बाई तोंडावर पदर घेऊन उठली.

"मी तारा उलट्या जोडलों," सेतू म्हणाला. "माझी चूक."

अम्मा त्याच्याकडं बघत राहिल्या. "तुझा कान चुकायचा नाही. तूं जोडला असतास तर तुला आधी कळलं असतं. कोण केलं?"

"मी केलं, अम्मा," मी म्हणालो.

आज हे लिहिताना वाटतं की त्या वेळी माझं मन शरमेनं भरून गेलं असेल. तसं नव्हतं. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की याच्याकडं एवढं आहे की माझी चूकही तो सहज आपल्या नावावर घेऊ शकतो. त्या थोरपणाचाही मला हेवा वाटला.

अम्मा म्हणाल्या, "मी अजून हिंगडेच आहें रे. इतक्यात कशाला फिरवलास." आणि हसल्या. त्या हसल्या म्हणून इतरांना श्वास घेता आला. काका मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "आता पुरे. बंद करा ते मशीन."

"बंद करूं नका," अम्मा म्हणाल्या. "उलटं झालं ते सरळ झाल्याशिवाय ठेवाल का? मोहन करील. तोच."

हिरव्या भोकातल्या एकाच पिनेत डावंउजवं दोन्ही असायचं, म्हणून तारा बदलून भागणार नव्हतं. स्पीकरच उचलून अदलाबदल करावी लागणार होती. मी अम्मांच्या उजवीकडचा उचलला, सेतूनं डावीकडचा, आणि मी सरळ पलंगाच्या पायथ्यावरून जायला निघालो तेव्हा अम्मांनी अडवलं. "असा नको. फिरून जा. दिवा उजव्या हाताला घेऊन." दिवा म्हणजे त्या स्वतः. आम्ही दोघं ती जड खोकी कवटाळून, तारा डोक्यावरून सोडत, पलंगाला वळसा घालून गेलो. उशाकडच्या दोघांसाठी पुन्हा तसंच. काका मधेच मोठ्यानं देवाचं नाव घ्यायला लागले आणि बायकांनी मागं म्हटलं. मग मी कळ दाबली, आणि अम्मांनी डोळे मिटले, आणि बोटानं, पांघरुणावर, कोण कुठं आहे ते दाखवत राहिल्या. शेवटपर्यंत. मी त्या बोटाकडं पाहून समजून घेत होतो की काका आता कुठं पोचले.

त्यानंतर त्या जवळजवळ दोन वर्षं होत्या, आणि बहुतेक संध्याकाळी तो जुना संगणक चालू असायचा. आमच्या कंपनीनं मात्र चहूंकडच्या आवाजाचा भाग प्लेअरमधून काढून टाकला. मागं स्पीकर ठेवायला घरात जागा असते कुणाकडे, असं साहेब म्हणाले. सेतूनं नोकरी बदलली. भेटी कमी झाल्या. मला त्यानं बरं वाटलं, आणि बरं वाटतं म्हणून वाईट वाटलं. अशी माझी अवस्था होती.

अम्मा गेल्याच्या पुढच्या वर्षी त्याचा फोन आला. एका सकाळी उठला तर डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. सर्दी समजून काही दिवस काढले. डॉक्टरांकडं गेला तेव्हा ते म्हणाले, लवकर यायला हवं होतं. आता ते परत येणार नाही.

फोन ठेवला आणि मला हलकं वाटलं. ही गोष्ट मी सुजातालाही सांगितलेली नाही. क्षणभरच, पण वाटलं. जणू माझ्या छातीवरून कोणी उठलं. मग मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिलो.

भेटायला गेलो तेव्हा त्यानं दार उघडलं आणि मला दारातच थांबवून टाळी वाजवली.

"एका कानानं दिशा कळत नाही," तो म्हणाला. "आता अस्की खोल्या एकसारख्या." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून, "तुला बरं वाटलं असेल."

मी चपला काढायला खाली वाकलो.

"वाटूं दे रे. इतकी वर्षं माझ्यावर जळत होतास, थोडा विसावा घे." तो हसला. मला हसता आलं नाही. "रविवारी भजनाला ये. काम आहे. पोरं अस्की अमेरिकेला गेली. दिव्याला तेल घालायला कोणी नाही."

"मी?"

"तूं. मध्यें बसून मला काय ऐकूं येणार? मी फिरणार. फिरताना दिवा उजव्या हाताला, माझा चांगला कानही उजवाच. फिरणाऱ्याला तेवढा पुरतो."

चाळिशी उलटलेला मी त्या दिवाणखान्यात समईपाशी मांडी घालून बसलो, तेलाचं भांडं हातात धरून. मुलं हसली. थोरले काका आता थकले होते, पण पुढं तेच होते. भजन सुरू झालं, आणि मी डोळे मिटले. सुरुवातीला नुसता गोंगाट. मग त्यातून काकांचा घोगरा आवाज वेगळा झाला, पुढून उजवीकडं सरकला. आणि त्याच्यामागं, जरासा वरच्या पट्टीत गेलेला, सेतूचा. तो माझ्या उजव्या खांद्यापाशी आला, पाठीमागं गेला, डावीकडं निघाला. मी त्याला सोडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कोण कुठं आहे ते कळत होतं आणि मी त्या आनंदात बुडून गेलो होतो, तेवढ्यात पाठीवर थाप पडली.

सेतू गाणं न थांबवता, चालता चालता, समईकडं बोट दाखवत होता. वात तडतडत होती. माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. मला ऐकू आली नव्हती. त्याला एवढ्या टाळमृदंगात, एका कानानं, आली होती.

मी तेल घातलं. वात शांत झाली. पूर्वीसारखाच मला त्याचा हेवा वाटला, अगदी पोटातून, आणि तो वाटत असतानाच पाठीवरची ती थाप अजून गरम होती. सेतू पुन्हा माझ्या मागं गेला. मी वळून पाहिलं नाही. तो कुठं आहे ते मला ऐकू येत होतं.